एक थरथरणारा पुरे

त्यांचा वस्तरा गालावरून फिरायला लागला की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरू लागायचं, म्हणून गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं होतं. आणि मग एके वर्षी त्यांचा उजवा हातच थरथरू लागला. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आता दाढी घरीच करतो, असं सांगत एकेक जण गळत गेला आणि सलूनला कुलूप लागलं.

राहता राहिली कपाटातली प्लास्टिकची विमानं. ती जोडायचा छंद जुनाच, पण आता रंगापाशी येऊन घोडं पेंड खायचं. कुंचला पंखाला टेकला की रेघ नागमोडी. शेवटी मास्तर बायकोला म्हणाले की एअरब्रश घेऊन बघू, तो लांबूनच रंग मारतो, विमानाला टेकवावा लागत नाही. तेही नाही जमलं, तर कपाट कुणाला तरी देऊन टाकू. बाईंनी त्यांना त्याच दिवशी दुकानात नेलं. वस्तरा सुटला तेव्हा हा माणूस किती दिवस नुसता खिडकीशी बसून होता, ते त्यांनी पाहिलं होतं.

दुकानदाराने पेनासारखा एअरब्रश पुढे केला. बोट खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. थरथरत्या बोटाला एका वेळी दोन कामं कुठली जमायला, मास्तरांनी तो परत ठेवला. पिस्तुलासारखी कळ असलेला हातात आला मात्र, त्यांचा चेहराच उजळला. केसांवर पाणी मारायच्या बाटलीला अशीच कळ असायची आणि ती दाबण्यात त्यांचा जन्म गेला होता. एअरब्रशला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मात्र दुकानदार बिनटाकीचाच घ्या म्हणत होता. उचलायला हलका, हवा जरा धक्क्याधक्क्याने येते एवढंच.

"नको," मास्तर म्हणाले. "आमच्या घरात एक थरथरणारा पुरे. हवा तरी सरळ चालीची द्या."

टाकीवाला जड कॉम्प्रेसर बाईंनी लेकरासारखा कडेवर घेऊन घरी आणला.

वैमानिकापुढच्या काचेवर रंग उडू नये म्हणून मास्तरांनी विमानाच्या गळ्याशी सलूनमधला जुना कपडा बांधला. बाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. टाकी भरली. हात थरथरतच होता. त्यांनी कळ दाबली.

रंग बाहेर आला तो धुक्यासारखा. हाताचा कंप त्या धुक्यातच विरून जात होता आणि पंखावर राखाडी थर बसत होता, सपाट, एकसारखा. बाई तोंडात बोट घालून बघतच राहिल्या. ज्या थरथरीने सलून बंद पाडलं, तिची त्या पंखावर साधी खूणही नव्हती. हे असं होऊ शकतं, हे त्यांना डोळ्यांनी बघूनही खरं वाटेना.

मास्तरांनी कपडा सोडून झटकला. मग खणातला हातआरसा काढला आणि विमानाच्या शेपटीमागे धरला.

"मागून ठीक आहे ना?"

सलून बंद झाल्यापासून हा प्रश्न बाईंनी ऐकला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. आरसा थरथरत होता, तरी त्यांनी वाकून त्यात नीट निरखून पाहिलं.

"कानामागे जरा राहिलंय," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा कपडा बांधला.