तव्यापुढची संकष्टी

हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनचं काम मिळायची आशा होती आम्हाला. मिळालं असतं तर माझी खानावळ पत्र्याच्या शेडमधून बाहेर पडणार होती. तर आमच्या चिरंजीवांनी ठरवलं, कंपनीच्या साहेबांना जेवायला न्यायचं. घरी? छे! घरी बोलावलं की आपण लहान दिसतो म्हणे. नेलं कोरेगाव पार्कात, जपानी पद्धतीनं मांस भाजून देणाऱ्या बड्या हॉटेलात. मला नुसतं ‘तयार हो’ म्हणाला.

तिथे टेबल म्हणजेच तवा. भोवती उंच खुर्च्यांवर पाय लोंबकळत बसायचं आणि वाफ तोंडावर घ्यायची. हे सुख मी घरी रोज फुकट घेते. उंच टोपीवाला आचारी आला, सुरी हवेत उडवली, कांद्याच्या चकत्या रचून त्यातून जाळ काढला. मुलगा टाळ्या वाजवतोय! मी असं उलथनं उडवलं असतं तर सासूबाईंनी माहेरी धाडलं असतं.

मग आचाऱ्यानं भाजीची फोड साहेबांकडे भिरकावली. “आ करा, सर!”

साहेबांनी तोंड घट्ट मिटलं. फोड चष्म्यावर.

“माफ करा,” ते चष्मा पुसत म्हणाले, “आज माझी संकष्टी आहे.”

मी मुलाकडे पाहिलं. मुलगा छताकडे. अहो, त्याच दुपारी ह्यानं स्वतः साबुदाण्याच्या खिचडीचे डबे पोचवले होते! आणि उपासाच्या माणसाला आणलं कुठे, तर मांसाच्या तव्यापुढे.

“मग घरी मोदक असतील,” मी म्हटलं.

“कुठले, काकू! बायको मुलीकडे गेलीय. लिंबूपाणी घेतो.”

“अहो, मग उठा की, आमच्याकडे चला, मोदक केलेत! चंद्र काय ह्यांच्या छतातून दिसणार आहे?”

“आई!” मुलानं टेबलाखालून पाय दाबला.

“पाय काढ. नवी चप्पल आहे.”

साहेब हसले आणि खरंच उठले. आमच्या गच्चीत चंद्र दिसल्यावर वरणभात, तूप, मोदक जेवले. हात धुताना म्हणाले, “सोमवारपासून सुरू करा.”

शेड सुटली. चिरंजीव मात्र अजून चारचौघांत सांगतात, “क्लायंटला जागा भारी दाखवावी लागते.” मी समोर बसलेली असले तरी सांगतात.