मुरारीचं कासव आणि रेवताची मान

मुरारीच्या मोटारीत पाणी घालायला जागाच नव्हती, ही गोष्ट तुमसरच्या मिस्त्रींच्या गळी शेवटपर्यंत उतरली नाही. ट्रक असो की राईस मिलचं इंजिन, तापलं की ते पाणी मागणारच, असा त्यांचा जन्माचा अनुभव. आणि ही जर्मन फोक्सवॅगन म्हणजे सगळाच उलटा कारभार. इंजिन पाठीमागे, डिकी पुढे, रेडिएटरचा पत्ता नाही. "ढिवराच्या घरी बिनपाण्याची गाडी कायले आली गा?" असं मिलचा घनश्याम मिस्त्री दर भेटीत विचारायचा आणि ढिवर म्हणजे पाण्यावर जगणारा मासेमार, म्हणून आजूबाजूचे हमाल हसायचे. मुरारीही हसायचा. गाडीच्या गोल टपावरून हात फिरवत म्हणायचा, "हवा खाते ते. तिले आणखी काही लागत नाई."

गावात तिला कासव म्हणत. तलावाकाठचं गाव, तेव्हा दुसरं काय म्हणणार? पाठ तशीच, चाल तशीच, आणि एकदा रुसली की मान आत ओढून बसण्याची रीतही तीच.

मुरारी नाकाडोंगरीकडच्या एका खाणीवर ड्रायव्हर होता. ढिवराच्या पोरानं जाळं सोडून चाक धरलं म्हणून त्याच्या बापानं बरेच दिवस त्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं. ही गाडी खाणीच्या साहेबांची, आणि तेव्हाच जुनी झालेली. पंच्याहत्तर साली साहेब बदलून गेले. गाडीला गिऱ्हाईक शोधलं, पण जो येई तो पुढचं झाकण उघडे, आत इंजिन दिसेना म्हणून घाबरून परत जाई. शेवटी साहेब म्हणाले, "मुरारी, ही तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. ठेव तूच." नव्या साहेबांनी आपला ड्रायव्हर बरोबर आणला होता, त्यामुळे मुरारीची नोकरी गेली आणि गाडी राहिली.

मग सुरू झाला तो जोडाजोडीचा संसार. सुटे भाग मुंबईला मिळतात असं ऐकून होतो, असं तो सांगे. पण मुंबई कोणी पाहिली होती? पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा त्यानं पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा कडेनं तासून बसवला. सायलेन्सरला भोक पडलं, तिथं डालड्याच्या डब्याचा पत्रा गुंडाळून वर तार आवळली. पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा काटा या गाडीला मुळातच नव्हता, म्हणून बांबूच्या कामटीवर खुणा करून ती टाकीत बुडवून पाहायचा. सहा व्होल्टची बॅटरी मिळेना, तर बारा व्होल्टची लावली. दिवे त्याच संध्याकाळी उडाले, आणि हॉर्न असा किंचाळला की शेजारच्या बुधरामच्या शेळ्या दावं तोडून तलावाच्या पाळीवर गेल्या. इंजिन तर तो चार बोल्ट काढून अंगणात पोत्यावर उतरवून घ्यायचा. बायका वाळवण घालतात तशी त्याची पसाऱ्याची जागा ठरलेली होती.

त्याच्या बायकोला, रेवताबाईला, या पसाऱ्याचा मनस्वी कंटाळा होता. पण तिच्या मानेनं एक दिवस कासवाला कामाला लावलं.

ढिवरांत मासे धरायचे पुरुषांनी आणि विकायचे बायकांनी. मुरारीचे भाऊ तलावावर जात आणि रेवताबाई टोपली डोक्यावर घेऊन तीन कोस चालत तुमसरच्या मच्छीबाजारात जाई. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. तराजू धरला की बोटं ऐकेनात. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं मान दाबून पाहिली आणि सांगितलं, की डोक्यावरचं ओझं बंद करा, नाहीतर हात कायमचा जाईल. रेवताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चुंबळ डोक्यावर ठेवली.

"डॉक्टरनं काय सांगतलं तुले?" मुरारी म्हणाला.

"डॉक्टर माही जागा राखाले येणार हाये का बजारात?"

जागेची गोष्ट खरी होती. गावच्या पाच जणी बाजाराला जात, आणि रस्त्यावर ज्या क्रमानं चालत त्याच क्रमानं बाजारात बसत. पुढे गिरजाबाई, सगळ्यांत म्हातारी. तिच्यामागे वयाप्रमाणे बाकीच्या. रेवता तिसरी. कोणी कोणाला ओलांडायचं नाही, पाय कितीही उचलत असले तरी. पहिल्या जागांवर गिऱ्हाईक आधी येतं, म्हणून हा नियम त्यांच्या सासवांनी घालून दिला होता, आणि त्यामुळे त्या बाजारात इतर गावच्या बायका एकमेकींच्या झिंज्या धरत असताना या पाच जणींत कधी भांडण झालं नव्हतं. जी सलग गैरहजर राहील तिची जागा मागचीला जायची.

"तं मंग गाडीत बस," मुरारी म्हणाला. "टोपली मागं ठेव आन् बस."

"आन् गिरजामाय पायी? तिच्या आधी मी बजारात उतरू? तोंड कोठं लपवू मंग?"

बरीच घासाघीस होऊन तोड निघाली ती अशी: रेवता आपल्या जागेवर पायीच चालेल, फक्त तिची टोपली गाडीत राहील, आणि गाडी रांगेच्या मागून येईल. गाडीनंही कोणाला ओलांडायचं नाही. मुरारी हरखला. बायकोच्या डोक्यावरचं ओझं आपल्या हातानं उतरवायला मिळणार, याच्यापुढे त्याला दुसरं काही दिसेना.

त्यानं मागची सीट काढून टाकली आणि तिथं लाकडी पेटी बसवली, आतून डालड्याचा पत्रा ठोकून. पण माशांच्या पाण्यानं तो पत्रा महिन्यात खाल्ला, आणि या गाडीची बॅटरी नेमकी मागच्या सीटखाली. पाणी ठिबकलं, ठिणगी उडाली, धूर निघाला. आता चांगला पत्रा आणायचा कुठून? तेव्हा त्याची नजर इंजिनाकडे गेली. इंजिनाभोवती चारी बाजूंनी जाड, काळ्या रंगाचे जर्मन पत्रे लावलेले. इतक्या वर्षांत गंजाचा ठिपका नाही. मिलचं इंजिन तर उघडंच असतं, त्याला वारा लागतो. मग हिलाच एवढे कपडे कशाला? घनश्याम मिस्त्रीलाही त्यानं विचारलं. घनश्याम म्हणाला, "काढून टाक गा. उन्हाळ्यात माणूसबी बंडी काढून बसते." दोघांच्याही बुद्धीला ते एकदम पटलं. मुरारीनं इंजिन उतरवलं, पत्रे काढले, ठोकून सरळ केले आणि पेटीच्या तळाला जडवले. पेटी अशी बेमालूम झाली की थेंब गळेना.

एप्रिलातली सकाळ. पुढे पाच बायका, चौघींच्या डोक्यावर टोपल्या, एक मोकळी; आणि मागून पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत येणारं कासव. येणारेजाणारे सायकली थांबवून बघत होते. "वरात कोणाची हो?" एकानं विचारलंही. दोन कोस झाले आणि गाडीतून लोखंड ओरबाडल्यासारखा आवाज आला. मग ती जागीच थिजली. मुरारीनं मागचं झाकण उघडलं तर चेहऱ्यावर भट्टीचा झोत आला. इंजिन जाम झालं होतं.

रेवता परत फिरून आली. ऊन वर चढत होतं.

"थांब, मी बैलबंडी पाहून येतो," मुरारी म्हणाला.

"मासे थांबतीन का?"

तिनं पदराची चुंबळ केली. गिरजाबाई हात पुढे करून म्हणाली, "आण, दोघी मिळून अर्धं अर्धं घेऊ." पण प्रत्येकीची टोपली आधीच भरलेली. रेवतानं टोपली उचलली आणि आपल्या जागी जाऊन चालू लागली. मुरारी तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. धावत जाऊन टोपली हिसकावून घ्यावी असं त्याला वाटलं. पण पुरुषानं माशांची टोपली डोक्यावर घेतलेली त्या मुलखात कोणी पाहिली नव्हती, आणि तेवढ्या लाजेपायी तो हलला नाही. ही गोष्ट त्याला जन्मभर टोचली.

बाजारात तराजू उचलताना रेवताचा हात लुळा पडला. संध्याकाळी तिला बंडीत घालून घरी आणलं.

तो सगळा पावसाळा ती अंथरुणावर होती. मुरारी स्वयंपाक करी, तिला उठवून बसवी, तिची वेणी घाली. वेणी वाकडी होई, आणि रेवता म्हणे, "गाडीच्या वायरा समजून राहिले का?" ती हसे, आणि त्याला जास्तच अपराधी वाटे. अंगणात कासव भिजत उभं होतं. त्याच्याकडे पाहावंसं वाटेना. एकदा मात्र तो त्याच्या आडोशाला जाऊन मनसोक्त रडला.

भादव्यात तो माशांच्या चाऱ्यासाठी कोंडा आणायला मिलवर गेला. तिथं घनश्याम डोक्याला हात लावून बसलेला. तूस उडवणाऱ्या पंख्याचं पत्र्याचं झाकण फुटलं होतं, ते काढून तसाच पंखा चालवला, तर तूस जिथल्या तिथं घोटाळत साऱ्या मिलभर पसरलेलं. "पंखा तोच, वारा तोच," घनश्याम करवादत होता, "पण पत्रा नाई तं वारा कोणीकडेबी जाऊन राहिला." मुरारी तुसात उभा राहून त्या पंख्याकडे बघत राहिला. मग कोंडा न घेताच घरी आला. कासवाचे ते पत्रे म्हणजे कपडे नव्हते. पंख्याचा वारा धरून तापलेल्या सिलिंडरांवर नेणारी ती वाट होती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं उखडली होती. शिवाय इतक्या हळू चालवल्यावर पंखा तरी किती फिरणार?

"माह्या हातानं झालं वो," त्यानं रेवताला सांगितलं. "इंजिन बी, तुही मान बी."

"इंजिनाचं तं निस्तरा," ती म्हणाली. "मानेचं मी पाहते."

त्यानं पेटी उखडली, पत्रे पुन्हा ठोकून वळणावर आणले आणि जिथल्या तिथं बसवले. चिकटलेले पिस्टन सोडवले, नागपूरच्या भंगारातून जुन्या रिंगा आणून घासून बसवल्या. पेटीला या वेळी डांबर फासलं आणि बॅटरी उचलून पुढच्या डिकीत नेली. दिवाळीच्या सुमाराला कासव पुन्हा धडधडलं.

रेवता तोवर हिंडूफिरू लागली होती. पण ओझं उचलणं आता कायमचं संपलं होतं. बाजारात तिच्या जागेवर गिरजाबाईनं इतके दिवस एक टोपली उपडी घालून ठेवली होती. दिवाळीनंतर मात्र ती स्वतः घरी आली. "आता नाई राखता येत बाई," ती म्हणाली. "मागच्या दोघी बोलून राहिल्या, आन् त्याहीचं चूक नाई."

मुरारीनं गाडीचं खरं काय ते सांगितलं. "माय, हे तुमच्या मागं मागं नाई चालू शकत. हिले पळाव लागते. पळाली तं रेवताची टोपली तुमच्या आधी पोचते."

गिरजाबाईनं तंबाखूची चिमूट गालात धरली. रेवतानं नजर खाली लावली होती. तिचा बाजार राहतो की जातो, ते आता या म्हातारीच्या तोंडून निघायचं होतं.

"पुढं मागं चालाचं ते माणसानं," गिरजाबाई अखेर म्हणाली. "टोपलीले काय वय असते? जाऊ दे तिले आधी." मग उठता उठता म्हणाली, "आन् माहीबी नेजो."

माझीही ने, असं म्हातारीनंच म्हटल्यावर बाकीच्या मागे कशाला राहतील? दुसऱ्या दिवशी पाचही टोपल्या कासवात चढल्या. मुरारी तुमसरला पोचला, टोपल्या वयाप्रमाणे ओळीत मांडल्या आणि माशा वारत बसला. बायकांच्या रांगेत एकटा बाप्या बघून सारा मच्छीबाजार लोटला. "मुरारीबाई, रोहू कशी दिली?" कोणी विचारलं. त्याला भाव माहीत नव्हता. या वेळी मात्र तो जागचा हलला नाही.

दोनेक तासांनी रस्त्यावर त्या पाच जणी दिसल्या. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्यांना उमगत नव्हतं. गिरजाबाई पुढे, रेवता तिसरी. चालता चालता मागचीनं काहीतरी म्हटलं, आणि रेवतानं पाय न थांबवता, अंग न वळवता, नुसती मान मागे फिरवून तिला हसून उत्तर दिलं.

टोपली डोक्यावर असली की मागे बघायला अख्खं अंग वळवावं लागे, आणि टोपली गाडीत असतानाही ती सवयीनं मान ताठ धरूनच चाले. या रस्त्यानं तिला अशी चालताना मुरारीनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं जवळ येऊन विचारलं, "भाव कोणी पुसला का?" तो तिच्या जागेवरून उठला आणि तिला बसायला जागा करून दिली.