हैदराबादच्या कंपनीतला मुलगा

आमच्या धंद्यात किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते स्वतःच फोन करून बोलावतात! आपण फक्त व्हॅन काढायची आणि रस्त्याच्या कडेला कपाळाला हात लावून बसलेला किस्सा गाठायचा.

धंदा म्हणजे फिरतं टायर-फिटिंग. हैदराबादच्या एका कंपनीची फ्रँचायझी, एरिया आदिलाबाद. गाडी दारात उभी असो नाहीतर जंगलात, आम्ही तिथे येतो आणि टायर बदलतो, पंक्चर काढतो. व्हॅन पिवळी, टोपी पिवळी, धुळीसाठी तोंडाला बांधायचं फडकंही पिवळं.

मी एम.एस्सी. बी.एड. आहे. आजा लोकांच्या शेतात राबला, बाबा शिकून हेडमास्तर झाले, आणि मी टायर काढतो. "दोन पिढ्या चढल्या, तिसरी घसरली!" हे वाक्य बाबा मला जेवताना ऐकवतात. बाहेर मात्र कोणी विचारलं की छाती पुढे करून सांगतात, "मुलगा हैदराबादच्या कंपनीत आहे."

खोटं त्यात काहीच नाही. फक्त कंपनीची गाडी दारात लावायला बाबांची मनाई. ती मी गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीमागे लावतो. सगळ्या जिल्ह्याला दिसते ती व्हॅन, एका माणसाला सोडून! मला याचा राग येतो. अगदी रोज येतो.

असो. किस्से सांगायचे आहेत.

*

जैनथकडचे एक काका. नवी कोरी जीप, चाकात खिळा. खिळा डोळ्यांना दिसत होता, वर चमकतही होता. तरी कंपनीच्या नियमाप्रमाणे मी साबणाचा फेस मारून हवा कुठून जाते ते दाखवलं.

काका म्हणाले, "फेसबीस ठेव बाजूले. पाण्यात बुडव."

"काका, ट्यूबलेस हाय. फेसानंच कळते."

"मले नाई कळत! बुडबुडे दिसले पायजे."

शेवटी ते अख्खं चाक बैलांच्या हौदात बुडवलं. बुडबुडे आले. कुठून आले? खिळ्यातूनच! काका जमलेल्या गावाकडे वळून ओरडले, "पाह्यलं? म्या म्हणलं नव्हतं?"

संध्याकाळी त्यांचा फोन. "बैल पाणी पेऊन नाई राह्यले. तुमची कंपनी हौद धुवाले येते का?"

*

कंपनीचं कॉल सेंटर हैदराबादला. तिथली पोरं इतकी हुशार की आदिलाबाद हे गाव आहे की बसस्टॉप, यावर त्यांचं अजून एकमत नाही. एकदा उटनूरच्या जंगलातून एका गिऱ्हाइकाचा फोन गेला. रेंज अर्धीमुर्धी, नकाशावर नुसतं हिरवं.

कॉल सेंटरच्या मॅडमनी विचारलं, "सर, जवळचा मॉल कोणता?"

तो म्हणाला, "मॉल नाई. दोन म्हशी हायेत."

मॅडमनी प्रामाणिकपणे टाइप केलं. माझ्या ॲपवर आलं, "खूण : दोन म्हशी." मी निघालो. दोन म्हशी सापडल्याही, पण शेजारी गाडी नव्हती. फोन लावला तर तो म्हणतो, "दादा, माह्याजवळच्या म्हशी तर कवाच्याच पाण्यावर गेल्या!"

म्हणजे गिऱ्हाईक जागेवर होतं आणि लोकेशन चालत निघून गेलं होतं. कंपनीने मलाच मेल पाठवला, "ग्राहकापर्यंत पोहोचण्यात दिरंगाई का?"

*

ग्राहक आम्हाला ॲपवर स्टार देतात. कमी मिळाले की कंपनीचा जीव खालीवर होतो. एकदा एका बाईंनी एकच स्टार दिला. खाली लिहिलं होतं, "काम एक नंबर. पण पोरानं चहाले नाही म्हणलं. घमेंड हाय."

कंपनीने मला ऑनलाइन वागणुकीचं ट्रेनिंग दिलं. सूटबूट घातलेला एक माणूस स्क्रीनवरून हसायला शिकवत होता. चहाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. तेव्हापासून मी चहा पितो आणि हसत नाही. स्टार भरपूर येतात!

*

सरकारी ऑफिसातला प्रसंग तर फ्रेम करून लावावा. साहेबांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. आवारात साहेबांची जीप, चाक बसलेलं. मी जॅक लावला, तसा आतून क्लार्क धावत आला.

"दरखास्त कुटं हाय?"

"कशाची?"

"चाक काढाची! चाक सरकारी हाय. असं कोनीबी येऊन काढते काय?"

"साहेबांनीच बोलावलं ना मला."

"बोलावलं असन. पण दरखास्त मंजूर कोन करन? साहेब! अन् साहेब दौऱ्यावर गेले."

"दौऱ्यावर? मग जीप इथं कशी?"

क्लार्क माझ्याकडे बघून हळहळला. इतकंही कसं कळत नाही या पोराला! म्हणाला, "चाक बसलं ना. साहेब बसनं गेले."

*

कंपनीच्या नकाशात माझा एरिया पैनगंगेच्या पुलाच्या बरोबर मध्यावर संपतो. पलीकडे महाराष्ट्र आणि तिथला फ्रँचायझीवाला. हा नकाशा ज्याने काढला त्याने पूल कधी पाहिला नसावा. कारण एके दिवशी एक व्यापारी नेमका पुलाच्या मध्यावर बंद पडला. पुढची चाकं महाराष्ट्रात, मागची तेलंगणात!

ॲपने दोघांनाही कॉल दिला. आम्ही दोन्हीकडून आलो. पलीकडचा फ्रँचायझीवाला म्हणाला, "गाडीचं तोंड माझ्या हद्दीत आहे." मी म्हणालो पंक्चर मागच्या चाकाला आहे. कंपनीला फोन केला, तर "लीगलला विचारून सांगतो." मग आम्ही अक्कल गहाण टाकली. गाडी आपापल्या हद्दीत घ्यायला मी पुढून ढकलू लागलो आणि तो मागून. घाम निघाला, पण गाडी जागची हलेना!

व्यापाऱ्याने काचेतून डोकं बाहेर काढलं. "भाईसाब, पंक्चर एक है, मैकेनिक दो हैं, फिर भी मैं यहीं हूँ!"

*

आणि हा अगदी कालचा.

सकाळीच बाबांना फोन आला, "जयभीम सर, गाडी निघाली बरं." उटनूरला नोकरीत असतानाचे त्यांचे मास्तर मित्र. एकाने कार घेतली होती, आणि सगळे बोथला कोणाच्या तरी नव्या घराच्या जेवणाला चालले होते. बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

दुपारी मला कॉल आला. बोथच्या अलीकडे हायवेवर कार उभी, मागचं चाक बसलेलं. नाव अनोळखी होतं. पोचलो तर कारशेजारी तीन म्हातारे, त्यात एक इस्त्रीचा शर्ट.

बाबांनी मला पाहिलं. मी बाबांना पाहिलं. आणि ते वळून रस्त्याकडेचा कापूस बघायला लागले. आयुष्य कापसाच्या मुलखात गेलं माणसाचं!

बाकीच्या दोघांनी मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. त्यात टोपी, फडकं. ओळखणं शक्यच नव्हतं. मनात म्हटलं, ठीक आहे हेडमास्तर, आज तुम्ही गिऱ्हाईक. हात चालू ठेवले.

कारवाले मास्तर माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले. "काऊन रे पोरा, शिकला नाई काय?"

"शिकलो ना. एम.एस्सी. बी.एड."

"अन् मंग हे?" त्यांनी मान हलवली. "आमच्या या सरायचा पोरगा पाह्य. हैदराबादच्या कंपनीत हाय! तुह्यासारखा धुळीत नाई लोळत. ए.सी.त बसते. हाय ना सर?"

बाबा कापूस बघत होते.

"बाप काय करते तुहा?"

"मास्तर होते. रिटायर झाले."

"मास्तरचा पोरगा! नाव काय त्यायचं? आमाले माईत असन."

मी नट आवळत होतो. वर न बघता म्हटलं, "नाव राहू द्या काका. त्यायले लाज वाटते."

"वाटनच!" तिसरे मास्तर म्हणाले.

मी जॅक उतरवला, हात पुसले. दोघे कारमध्ये बसले. बाबांसाठी मागचं दार उघडंच होतं.

"बसा ना सर, जेवणाले उशीर होऊन राह्यला."

बाबा कापसापासून परत आले. चष्मा काढून पुसला. कारचं दार बाहेरूनच लोटलं आणि माझ्या व्हॅनकडे चालू लागले. पायरी उंच आहे, त्यांना दोनदा पाय टाकावा लागला. पुढच्या सीटवरचे माझे पाने त्यांनी उचलून मांडीवर घेतले आणि खिडकीतून मित्रांना म्हणाले,

"तुमी व्हा पुढं. मी कंपनीच्या गाडीनं येतो."