पाच मुंजाजी आणि ईश्वरीची टीम

सेलूच्या बाजारात, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर ईश्वरीनं सॉफ्टवेअरची कंपनी काढली, तेव्हा गावाला वाटलं की वर मोबाइल दुरुस्तीची सोय झाली. कोणी चार्जर घेऊन येई, कोणी फुटलेला स्क्रीन. ईश्वरी पुण्यात बरीच वर्षं मोठ्या कंपनीत काम करून परत आली होती. ती प्रत्येकाला बसवून समजावी, की आम्ही मोबाइल दुरुस्त करत नाही, मोबाइलमध्ये चालतात ती अ‍ॅपं बनवतो. माणूस सगळं ऐकून घेई, मान डोलावी आणि चार्जर टेबलावर ठेवून जाई.

खालचं दुकान तिच्या वडिलांचं, शिवकांतअप्पांचं. अप्पा साखर तोलता तोलता लेकीच्या कंपनीची अशी जाहिरात करत, की थोड्याच दिवसांत पाहुण्यारावळ्यांची रीघ लागली. एक मामा तर आपल्या घोड्याएवढ्या मुलाला हाताला धरून जिना चढले. "दिवसभर मोबाइलवरच राहतंय. तुमच्याच कामाचं हाय," म्हणाले.

ईश्वरीनं पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि मग स्वतःच्या पसंतीची पोरं घेतली. तिच्याच कॉलेजची, तिच्यासारखीच हुशार, तिच्यासारखीच भराभरा बोलणारी. मुलाखती कसल्या, गप्पाच झाल्या. कॉलेजच्या कँटीनमध्ये वडा अजून तसाच मिळतो का, इथपासून सुरुवात. काम चांगलं होतं. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंगवाल्याला अ‍ॅप हवं होतं. कापूस आणणाऱ्या शेतकऱ्यानं घरूनच नंबर लावायचा, म्हणजे ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर यायला नको. पण वर बोलण्याचा असा गलका चाले, की खाली गिऱ्हाईक अप्पांना विचारी, भांडण कुणाचं लागलंय? प्रोग्रॅम लिहायला सगळे पुढे, तपासायला कोणीच नाही. शेवटचा शब्द अर्थातच ईश्वरीचा. लाउडस्पीकरवर नंबर न पुकारता शेतकऱ्याला नावानं हाक मारायची, तीही नुसत्या पहिल्या नावानं, हे तिनंच ठरवलं. त्यात जिव्हाळा आहे, असं तिचं म्हणणं.

वर्ष सरायच्या आत ती पोरं एकेक करून पुण्याला गेली. राहिला फक्त पेडगावचा आदिनाथ. तो फार बोलत नसे, म्हणजे त्याला आजवर बोलायला जागाच मिळाली नव्हती. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, आपण सगळे एकसारखे होतो. म्हणून कुणाची चूक कुणाला दिसलीच न्हाई."

ईश्वरी तणतणत जिना उतरली, खाली तांदळाच्या पोत्यावर बसली, आणि पाहुण्यांना परत पाठवून आपणही आपल्यासारखीच माणसं भरली, हे ध्यानात येऊन तिला हसू यायला लागलं. अप्पांना वाटलं, रडतेय. त्यांनी घाईघाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तर ही पोट धरून हसतेय.

मग तिनं माणसं निवडायची रीतच बदलली. कॉलेजचं नाव विचारायचं नाही. येईल त्याला तेच प्रश्न आणि तेच मुद्दाम बिघडवून ठेवलेलं अ‍ॅप, आणि अर्धा दिवस आदिनाथच्या शेजारी बसून काम. शेवटी तिनं आणि आदिनाथनं एकमेकांशी अक्षर न बोलता आपापलं मत चिठ्ठीवर लिहायचं, म्हणजे तिच्या तोंडाकडे बघून त्याचं मत फिरायला नको.

या रीतीनं पहिली आली महादेवी. पूर्वी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, मग मुलं लहान म्हणून घरी होती. तिला बिघडलेलं अ‍ॅप दिलं. तिनं उतावळ्या माणसासारखं 'नंबर लावा'चं बटण दाबलं, दाबलं, दाबतच राहिली, आणि अख्ख्या दिवसाचे नंबर नवऱ्याच्या नावावर करून टाकले. मग तिनं मोबाइल नंबराच्या जागी कापसाचं वजन लिहिलं. अ‍ॅप म्हणालं, धन्यवाद. मग गेल्या वर्षीची तारीख टाकली. अ‍ॅप म्हणालं, वेळेवर या. महादेवी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. मुद्दाम ठेवलेला बिघाड तिला सापडलाच नाही. सापडले ते सगळे ईश्वरीला माहीत नसलेले.

ईश्वरीनं चिठ्ठीवर लिहिलं, 'नको. दुरुस्त काहीच केलं नाही.' आदिनाथनं लिहिलं होतं, 'पाहिजेच.' ईश्वरीनं त्याला परोपरीनं समजावलं. तो आयुष्यात पहिल्यांदा अडून बसला. म्हणाला, दुरुस्त करायला मी हाय, मोडून दाखवायला कोण हाय? ईश्वरीनं आपली चिठ्ठी फाडली. महादेवी सोमवारपासून कामावर आली.

तिच्यामागून आणखी दोघं आली, कुणी कुणासारखं नसलेली. बैठकीत आता ईश्वरी सगळ्यात शेवटी बोले. हे तिला इतकं जड जाई, की तोंड बंद राहावं म्हणून ती शेंगदाण्याची चिक्की दाताखाली धरून बसे. त्या हंगामात अप्पांच्या बरण्या भराभर रिकाम्या झाल्या.

दिवाळी झाली आणि अ‍ॅप जिनिंगवर सुरू झालं. सगळी टीम फाटकाजवळच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली. बाहेर कापसानं फुगलेले ट्रॅक्टर. लाउडस्पीकर गोड आवाजात म्हणाला, "मुंजाजी, गेटवर या."

पाच ट्रॅक्टर एकदम सुरू झाले.

पाचही मुंजाजी फाटकाशी येऊन अडकले. कोणीच खोटा नव्हता, कोणीच मागे सरायला तयार नव्हता. परभणी जिल्ह्यात गावोगावी मुंजाजी, आणि इथंच वाढलेल्या बाईनं नुसत्या पहिल्या नावावर भिस्त ठेवली होती. ईश्वरीचे कान तापले. तिनं धावत जाऊन आदिनाथचा लॅपटॉप ओढला.

महादेवीनं तो शांतपणे परत ओढून घेतला. "ताई, तुमी बाहेर थांबा. तुमी बघायलाव म्हणून त्याची बटणं चुकायलीत."

ईश्वरीचं तोंड उघडलं. चिक्की जवळ नव्हती. तरी ते तिनं मिटलं आणि ती बाहेर गेली.

बाहेर मुंजाजींचं संमेलन भरलं होतं. भांडण केव्हाच संपून ते एकमेकांची गावं विचारत होते. वालूरच्या मुंजाजींनी तिला ट्रॉलीजवळ घुटमळताना पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या मशिनीत मी कितवा मुंजाजी हाव?" ती इतकी हसली, की त्यांनी हात देऊन तिला वर कापसावरच बसवलं. बसली ती कमरेपर्यंत आत गेली. खोलीत काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि करण्यासारखं काही हातात नव्हतं. ऊन कोवळं होतं, कापूस ऊबदार होता.

मुंजाजींनी सगळ्यांसाठी मागवलेला चहा संपत आला तोच लाउडस्पीकर बोलला, "मुंजाजी किशनराव, गाव वालूर, गेटवर या." एकच ट्रॅक्टर सुरू झाला, आणि त्याच्या ट्रॉलीतल्या कापसावर बसून ईश्वरी राणीसारखी फाटकातून आत गेली. खिडकीतून टीमनं पाहिलं. कोणी हात हलवला नाही. पुढच्या मुंजाजीत सगळे गढले होते. हे बघून तिला जो आनंद झाला, तसा पुण्यात बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

दुपारी ती दुकानाशी परतली तर जिन्यावर एक मुलगी बसलेली. राजेश्री, मुलाखतीला आलेली. ईश्वरीच्या केसांत, ओढणीवर, भुवयांवर कापूस. राजेश्रीनं सरकून जागा दिली. "मावशी, जिनिंगवर हाव का तुमी?"

"आत्ता तिथूनच आले."

"इथल्या मॅडम कशा हायत हो? लय कडक हायत म्हणतेत."

ईश्वरीनं विचार केला. "बोलतात जास्त," ती म्हणाली. "पण सुधारायलेत."

तेवढ्यात आधीच येऊन बसलेल्या आदिनाथनं वरून हाक दिली, या, सुरू करू. राजेश्रीनं विचारलं, मॅडमसाठी थांबायचं नाही का? त्यानं वाकून जिन्यात पाहिलं, कापसात माखलेली ईश्वरी त्याला दिसली. तिनं बोट ओठांवर ठेवलं.

"न्हाई," आदिनाथ म्हणाला, "त्यांचं काई अडत न्हाई."

राजेश्री वर गेली, दार लागलं. आतून महादेवीचं हसणं ऐकू आलं, मग राजेश्रीचंही. ईश्वरी पायरीवर बसून केसांतला कापूस वेचत राहिली. खालून अप्पांनी विचारलं, वर काय चाललंय? तिनं सांगितलं, मला माहीत नाही. आणि असं सांगताना ती इतकी खूश होती, की अप्पांनी तराजू सोडून जिन्यात येऊन तिचं कपाळ चाचपून पाहिलं.