घड्याळात पहिला, संघाबाहेर

मित्रांनो, मंडळाच्या वहीत लिहितोय, कारण तोंडानं सांगवत नाही.

पुण्याच्या खो-खो सामन्यांसाठी आज निवड झाली. शंभर यार्डांच्या शर्यतीत घड्याळानं मला पहिला ठरवलं. मग खेळात मात्र मी कुणालाच खो देईना, एकटाच गड्यामागं धावत राहिलो.

"आरं, खो दे की! शर्यत हाय व्हय ही?" मास्तर ओरडले.

"माझ्याएवढं पळतंय कोण?" मी डाफरलो. त्यांनी माझं नाव कापलं.

मी पुण्यातलं कॉलेज सोडून गावी आलो; वर्गातली जिच्यावर माझा जीव होता, ती पुण्यातच राहिली. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. घरचे एरवी मला पुण्याला सोडत नाहीत.

माझ्या जागी किसन चाललाय. तो पळायला मंद, पण वेळेवर खो देतो. त्याच्याजवळ तिच्यासाठी चिठ्ठी देऊ का?