बाबांचं कपाट, पारीखसाहेबांचा लाँच

आमच्या लॅबमध्ये दोनच गोष्टी साचतात: धूळ आणि किस्से. धूळ पुसायला कंपनीने मला ठेवलंय. किस्से पुसायला कोणी नाही, म्हणून हे.

बी. फार्म. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. बाबा बडोद्यातल्या एका औषध कंपनीत रिसर्चचे हेड. हेड म्हणजे काय, तर हाताखाली एक केमिस्ट बाई आणि आता काचसामान धुणारा मी! माझी जर्नलं उतरवून प्रॅक्टिकलं पास झालेला हेमंत याच कंपनीत एमआर आहे. टाय, बॅग, कंपनीची मोटारसायकल. जळतो मी. लपवत नाही.

बाबांना म्हटलं, "पारीखसाहेबांना सांगा ना, मला मार्केटिंगमध्ये घ्या."

"माझ्या शब्दावर तिथे एक कपाट मिळत नाही," बाबा म्हणाले, "नोकरी कसली मिळतेय!"

*

हे कपाट म्हणजे गोळ्या उकाड्यात आणि दमटपणात टिकतात का, ते बघायचं मशीन. बाबा दरवर्षी मागतात. मार्केटिंगचे पारीखसाहेब दरवर्षी बाबांच्या खांद्यावर हात ठेवतात. "आ वखते लाँच छे, देवधरभाई! मार्केट खुल्लं झालंय. कपाट आवते वर्षे, पक्कु!"

तोवर रिसर्च कुठे चालतो? कारेलीबागेत, आमच्या बाथरूममध्ये. गिझरखाली दोरीवर गोळ्यांच्या पट्ट्या टांगलेल्या. रोज त्यातल्या काही बाबा तपासायला बॅगेतून लॅबमध्ये नेतात. पाहुणे आले की आई ओरडते, "अंघोळ करा, पण त्या गोळ्यांना हात लावू नका!"

मी एकदा म्हटलं, "बाबा, लाज वाटत नाही?"

"दमटपणा चांगला मिळतो," बाबा म्हणाले.

*

लाँच सयाजीगंजमधल्या मोठ्या हॉटेलात झाला. ज्यांनी गोळी बनवली त्यांना आमंत्रण नव्हतं. दुसऱ्या दिवशी हेमंत घरी आला, तोंडाला अजून आइस्क्रीमची चव.

"काका, काय सांगू! दारातच बर्फाची गोळी. माझ्याएवढी उंच! त्यावर आपल्या ब्रँडचं नाव!"

मी दात आवळून बसलो. माझ्या आयुष्यात बर्फ येतो तो लॅबमधल्या फ्लास्कभोवती.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "विरघळायला किती वेळ लागला?"

"काका, ते कोण बघतंय?"

"गोळीचं तेवढंच तर बघायचं असतं!"

*

लॅबमधलं घड्याळ बंद पडलं. त्याच महिन्यात मार्केटिंगने डॉक्टरांना वाटायला भिंतीवरची घड्याळं मागवली होती. स्टोअर भरलेलं. मी एक मागायला गेलो.

"ना भाई, डॉक्टर माटेज छे," स्टोअरकीपर म्हणाला. फक्त डॉक्टरांसाठी!

पुढच्या आठवड्यात आई खोकल्यासाठी आमच्या डॉक्टर शहासाहेबांकडे गेली. डॉक्टर वैतागलेले. "बहेन, तुम्हाला घड्याळ पाहिजे? घरात तीन झाली. बायको ओरडते."

कंपनीचं घड्याळ असं कंपनीच्या लॅबमध्ये लागलं. व्हाया आईचा खोकला!

*

एकदा पारीखसाहेब स्वतः लॅबमध्ये आले. बाबा खुर्चीतून असे उठले की मलाच शरम वाटली.

"देवधरभाई, अर्जंट रिसर्च! खोकल्याचं सिरप गुलाबी करायचं. खोके गुलाबी छापून आलेत."

बाबा महिनोन्‌महिने गुलाबी करत बसले. रंग उन्हात फिका पडायचा. एका संध्याकाळी टिकला. बाबा खूश. "शेवटी हेही संशोधनच."

"बाबा, याला रंगकाम म्हणतात."

ते बाटली उजेडात धरून बघत राहिले.

*

आणि मग एका सकाळी कपाट आलं!

खरंच आलं. टेम्पोतून. चकचकीत, उंच, पुढे काचेचं दार. बाबांनी शर्टाच्या बाहीने दार पुसलं. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं.

मागून पारीखसाहेब आणि फोटोग्राफर. "नवीन ब्रोशर छे. पहिल्या पानावर आपली रिसर्च लॅब! कपाट भाड्यानं आणलंय. साडेचारला परत."

बाबा वायर हातात घेऊन उभे. "तोवर चालू करू? थोडा वेळ तरी—"

"ना ना, आतला दिवा काचेवर चमकतो."

फोटोग्राफरने बाबांना उभं केलं, डोकं वाकडं केलं, बाजूला केलं. "साहेब, यंग वैज्ञानिक पाहिजे." पारीखसाहेबांची नजर माझ्यावर आली. नवा कोट मला चढवला, बाबांच्या नाकावरचा चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला. मला सगळं धूसर दिसत होतं. बाबा मागे कपाटापाशी काहीतरी खुडबुड करत होते. त्यांना तिथून हाकललं.

क्लिक! पारीखसाहेबांनी माझी पाठ थोपटली. "वाह! भणेलो लागे छे!"

शिकलेला वाटतो म्हणे.

ब्रोशर हेमंतनेच घरी आणलं. "साला, मी डभोईपर्यंत तुझा फोटो दाखवत फिरतोय!" पहिल्यांदा तो माझ्यावर जळत होता. आईने शेजारच्यांना बोलावलं. मग पान बाबांच्या हातात दिलं. "बघा तरी, मुलगा कसा दिसतोय!"

बाबांनी चष्मा लावला. पान डोळ्यांजवळ नेलं. माझ्या खांद्यामागे, काचेच्या आत, आमच्या बाथरूममधल्या पट्ट्या ओळीने लावलेल्या दिसत होत्या.

"दार नीट लागलं नव्हतं," बाबा म्हणाले. "कपाट चालू असतं, तर दमटपणा निसटून सॅम्पलं वाया गेली असती."