भूत नसलेला भुताचा गेम

माझ्या पुतणीने पुण्याची नोकरी सोडून एकटीने भुताचा गेम करायला घेतला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला. कारण भूत मी होतो.

केडगावातल्या आमच्या गाद्या रचलेल्या खोलीत बसून मी भुताचे आवाज रेकॉर्ड करून दिले. कण्हणं, घोगरं हसणं, दीर्घ श्वास. शेजारच्या वहिनींनी माझ्या बायकोला काळजीने विचारलं, "भाऊजींचा दमा वाढलाय का हो?" कलावंताची कदर शेजारी होत नाही.

गेममधलं गाव पाथर्डीकडचं. सगळे ऊसतोडीला कोपरगावच्या बाजूला गेलेले, गाव ओस. चित्रं पुतणीने एआयकडून काढून घेतली होती. पडकी छपरं, जाळी, वेली, धुकं. मला तर फार आवडली. तिने नमुना नेटवर टाकला, तर लोकांनी दोन मिनिटांत बंद केला. "मशीनची चित्रं," एकाने लिहिलं, "हे गाव दहा गेममध्ये पाहून झालंय." त्या दिवशी ती जेवली नाही. तिने स्वतःला एक वर्ष दिलं होतं. त्यातले थोडेच महिने उरले होते; तेवढ्यात गेम चालला नाही, तर पुन्हा पुण्याची नोकरी.

"आधी गाव तरी बघून येऊ," मी म्हणालो. एसटीने पाथर्डी, पुढे जीप.

भर दुपारी आम्ही एका गल्लीत उभे राहिलो. दोन्ही बाजूंना कुलपं. पण पडकं काहीच नव्हतं. अंगणं झाडलेली, उंबऱ्यापाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, चुली सारवलेल्या. मशीनला ओसाड गाव मागितलं की ती मोडकं गाव देते. हे तर नीट आवरून गेलेलं गाव होतं, आणि त्यानेच अंगावर काटा येत होता. पुतणी खाली बसून चित्रं काढू लागली.

शेळ्यांमागून एक म्हातारबाबा आले. कमरेला साऱ्या गल्लीच्या चाव्या.

"काय काढती गं पोरी?"

"घरं काढते, आजोबा. मोबाईलच्या गेममध्ये घालायची आहेत."

"आन् त्यात काय असतंय?"

"भूत!" मी पुढे होऊन माझं खास हसणं हसून दाखवलं. शेळ्या चरायच्या थांबल्या.

"पावण्याला पानी द्या कुनीतरी," बाबा म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "घरं काढ. पर भूत घालायचं न्हाई. लोकं उसाला गेल्यात, मेल्यात व्हय? माघारी येऊन हितंच निजायचंय त्यांना. बायका मलाच इचारतील, तात्या, चावी तुमच्याकडं हुती, मंग भूत शिरलं कुठनं?"

पुतणी आधी हसली, मग तिने पेन्सिल खाली ठेवली. "नाही घालत भूत," ती म्हणाली. "शब्द."

"अगं, आणि मी?"

"काका, तुम्ही खोकायचं. चावीवाल्या बाबांचा खोकला."

घरी येऊन तिने सगळं हाताने नव्याने काढलं. गेम आता एवढाच, की रोज संध्याकाळी गल्लीतून फिरायचं आणि कुलपं तपासायची. एके संध्याकाळी एका बंद घरापुढे सडा ओला दिसतो. नुकताच टाकलेला. बस.

दिलेल्या शब्दासाठी ती गेम आधी बाबांना दाखवायला गेली. सोबत मीही. ते बोटाने फिरत फिरत त्या अंगणापाशी आले आणि थांबले.

"कुनी टाकला?"

"ते सांगत नाही गेममध्ये."

"भूत न्हाई ना?"

"दिलाय ना शब्द."

बाबांनी मोबाईल हळूच तिच्या हातात दिला. "चांगलं केलंस," म्हणाले, आणि काठी घेऊन उठले. "आलोच, जरा गल्लीत जाऊन येतो."

पुतणीने माझ्याकडे असं पाहिलं, की माझी गेलेली भुताची भूमिका मी क्षणभर विसरलो.

गेम आला. यंदा पुण्याला जाणं नाही, एवढा तो चालला. सडा कुणी टाकला, असं लोक तिला लिहून विचारतात. ती सांगत नाही. मला विचारणाऱ्यांना मात्र मी दर वेळी वेगळं उत्तर देतो, आवाज खाली आणून.